'माझगावला फक्त पत्रा जोडतात': एका फॉरवर्डला उत्तर

जानेवारी २०२५ मध्ये मुंबईच्या नौदल गोदीत 'सुरत' ही विनाशिका, 'निलगिरी' ही फ्रिगेट (विनाशिकेहून लहान युद्धनौका) आणि 'वाघशीर' ही पाणबुडी एकाच दिवशी नौदलात दाखल झाल्या. संध्याकाळपर्यंत तो जुना मेसेज आमच्या ग्रुपवर येऊन पडला. नवी युद्धनौका आली की तो येतोच, जहाजाचं नाव तेवढं बदललेलं असतं. मजकूर थोडक्यात असा: इंजिनं युक्रेनची, रडार इस्रायलचं, तोफ इटलीची, क्षेपणास्त्र रशियाचं. माझगाव डॉक फक्त पत्रा जोडतं, बाकी सगळं खोक्यातून काढून बसवायचं. पैसे असतील तर कुठलाही देश हे करेल. 'कोलकाता' ही विनाशिका तर क्षेपणास्त्राशिवायच दाखल करून घेतली, असं जगात कुठे होत नाही. मग यात 'स्वदेशी' ते काय?

लिहिणारा अडाणी नाही. त्याने दिलेली बरीच नावं खरी आहेत, आणि म्हणूनच मेसेज पसरतो. तेव्हा एकेक मुद्दा घेऊ.

'इंजिनं युक्रेनची, रडार इस्रायलचं...'

'कोलकाता' आणि 'विशाखापट्टणम' या दोन्ही वर्गांच्या विनाशिकांची गॅस टर्बाइनं युक्रेनची आहेत, खरं. डोलकाठीवर चारी दिशांना चपटे चेहरे असलेलं एमएफ-स्टार रडार इस्रायलचं, तेही खरं. तोफेच्या बाबतीत मेसेज अर्धवट आहे: ७६ मिलिमीटरच्या तोफेचा आराखडा इटलीचा, पण ती तयार होते हरिद्वारला, भेलच्या कारखान्यात. ब्रह्मोस भारत आणि रशियाचं एकत्रित क्षेपणास्त्र आहे आणि त्याचे सांगाडे आपल्या विक्रोळीत, गोदरेजमध्ये बनतात. विमानविरोधी बराक-८ हे डीआरडीओ आणि इस्रायलची आयएआय ही कंपनी यांनी मिळून विकसित केलेलं. पाणबुडीविरोधी रॉकेट लाँचर मुळात सोविएत, बनवतं लार्सन अँड टुब्रो. सोनार, म्हणजे आवाजावरून पाण्याखालच्या पाणबुडीचा माग काढणारं यंत्र, कोचीच्या एनपीओएल या प्रयोगशाळेतून आलेला.

या बाबतीत नौदलाने कधी लपवाछपवी केलेली नाही. त्यांच्या हिशोबात जहाजाचे तीन भाग असतात: तरंगणं, चालणं आणि लढणं. २०१५ च्या स्वदेशीकरण आराखड्यात पहिल्यात सुमारे ९० टक्के, दुसऱ्यात ६० आणि तिसऱ्यात जेमतेम ३० टक्के मजल मारल्याचं त्यांनीच मांडलं होतं. म्हणजे मेसेजवाल्याने बोट ठेवलंय ती जागा खरोखरच दुखरी आहे. त्याला चिडून 'शंभर टक्के स्वदेशी' असं उत्तर टाकणारेही तेवढेच चूक. माझा आक्षेप त्याच्या यादीला नाहीच. यादीतल्या वस्तूंची बेरीज केली की लढणारं जहाज तयार होतं, या समजाला आहे.

'खोक्यातून काढून बसवायचं'

मेसेजमधलं सगळ्यात चुकीचं वाक्य हे.

समजा, पाण्यापासून पाच मीटर उंचीवरून एक क्षेपणास्त्र तुमच्या जहाजाकडे येतंय. रडार कितीही भारी असो, पृथ्वी गोल आहे. पंचवीस मीटर उंचीवरच्या अँटेनाला ते साधारण तीस किलोमीटरवर आल्यावरच दिसणार. ध्वनीपेक्षा थोड्या कमी वेगाचं असेल तर हातात शंभर सेकंद. ध्वनीच्या अडीचपट वेगाचं असेल तर पस्तीसच्या आसपास. एवढ्या वेळात लाटांवरून परतणाऱ्या रडार-लहरींच्या कचऱ्यातून तो एक ठिपका वेगळा काढायचा, तो आपला की परका ते ठरवायचं, कुठलं अस्त्र वापरायचं ते निवडायचं, त्याला लक्ष्याची जागा आणि वेग द्यायचा, सोडायचं, आणि चुकलं तर दुसरं सोडण्याइतका वेळ शिल्लक ठेवायचा. त्याच वेळी जहाज डुलतंय, वळतंय, स्वतःचं हेलिकॉप्टर हवेत आहे आणि चाळीस किलोमीटरवरून एक प्रवासी विमान चाललंय.

रडार, तोफ, क्षेपणास्त्रं, सोनार, शत्रूचे रेडिओ-रडार ऐकणारी यंत्रं, शत्रूच्या क्षेपणास्त्राला चकवणारी फसवी लक्ष्यं सोडणारे लाँचर या सगळ्यांना एकच चित्र दिसावं आणि त्यांनी एकच हुकूम ऐकावा, हे काम कॉम्बॅट मॅनेजमेंट सिस्टिमचं. खलाशी नुसतं सीएमएस म्हणतात. ऑप्स रूममधल्या, म्हणजे जिथून लढाई चालवतात त्या खोलीतल्या, कन्सोलवर जे दिसतं तो तिचा चेहरा. खरी ती मागच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि मैलोन्‌मैल केबलींमध्ये असते.

कोन घ्या. रडार डोलकाठीवर, तोफ पुढच्या डेकवर. दोघांच्या शून्य अंशात एका अंशाचा फरक राहिला तर वीस किलोमीटरवर निशाणा साडेतीनशे मीटर चुकतो. आणि जहाज म्हणजे काही दगडी चौथरा नव्हे. दुपारच्या उन्हात एक बाजू तापते, पोलाद प्रसरण पावतं, सांगाडा किंचित वाकतो. म्हणून असली मोजमापं शक्यतो रात्री किंवा पहाटे घेतात. माझा मामा माझगावला इलेक्ट्रिकल फिटर होता. रात्रपाळी करून सकाळी डॉकयार्ड रोडहून लोकल पकडायचा. 'पहाटे जहाज सरळ असतं' हे त्याचं वाक्य लहानपणी मला विनोद वाटायचं.

एका जहाजावरची यंत्रं एकमेकांना आंधळीही करतात. ४ मे १९८२ ला फॉकलंडच्या युद्धात ब्रिटिश विनाशिका 'शेफील्ड'वर अर्जेंटिनाच्या विमानाने सोडलेलं एक्झोसे क्षेपणास्त्र आदळलं, वीस जण गेले. शत्रूचं रडार ऐकू येताच ओरडायला हवं असं यंत्र तिच्यावर होतं. पण त्या क्षणी उपग्रहावरून संदेशवहन चालू होतं आणि त्या प्रक्षेपणात शत्रूची चाहूल बुडून गेली. यंत्र खराब नव्हतं, उपग्रहाचं उपकरणही खराब नव्हतं. दोन्ही एकाच वेळी चालू राहतील अशी जोडणी नव्हती. इतरही चुका झाल्या होत्या, चौकशीत त्या निघाल्या. पण 'खोक्यातून काढून बसवायचं' म्हणणाऱ्याने एवढं एक प्रकरण जरी वाचलं तरी पुरे.

आपल्याकडे हा धडा 'गोदावरी'वर गिरवला गेला. माझगावातच बांधलेली ही फ्रिगेट डिसेंबर १९८३ मध्ये दाखल झाली. तिच्यावर सोविएत क्षेपणास्त्रं आणि तोफा, डच घराण्याचं रडार, इटालियन संगणक, ब्रिटिश बनावटीची सी किंग हेलिकॉप्टरं आणि भारतीय सोनार. अक्षरशः बारा गावचं पाणी. सोविएत यंत्राला लागणारी वीज वेगळी, पाश्चात्त्य यंत्राची वेगळी. एक कोन एका पद्धतीने सांगतं, दुसरं दुसऱ्या. आणि दोन्ही बाजूंचे उत्पादक शीतयुद्धातले वैरी. आपलं यंत्र समोरच्याशी कसं बोलवायचं हे तुम्हाला शिकवायला त्यातला कोण येणार होता? ते इथेच सोडवावं लागलं, आणि त्यासाठी नौदलाने दिल्लीत स्वतःची संस्था उभी केली. तिला आज वेसी म्हणतात. तिचं नाव कुठल्या फॉरवर्डमध्ये येत नाही.

'पैसे असतील तर कुठलाही देश हे करेल'

अमेरिकेकडे पैसे होते. 'झुमवाल्ट' वर्गाच्या विनाशिकांवर त्यांनी १५५ मिलिमीटरच्या दोन-दोन अवाढव्य तोफा बसवल्या. खास त्या तोफांसाठीचा एकेक गोळा आठ लाख डॉलरच्या घरात जायला लागला, २०१६ मध्ये खरेदी रद्द झाली, आणि जगातल्या सगळ्यात महाग विनाशिका गोळ्याविना तोफा मिरवत फिरू लागल्या. आणखी जुनं उदाहरण अमेरिकेच्याच 'विन्सेन्स' या युद्धनौकेचं. तिच्यावर एजिस, त्या काळातली सर्वोत्तम सीएमएस, आणि ३ जुलै १९८८ ला तिने इराणचं प्रवासी विमान पाडलं, २९० माणसं मेली. नंतर तपासलेल्या नोंदींत विमान वर चढत असल्याचं यंत्राने बरोबर दाखवलं होतं. ऑप्स रूममध्ये मात्र ते खाली येतंय असं ओरडून सांगितलं जात होतं. पडद्यावर काय, कसं, किती ठळक दाखवायचं आणि समोर बसलेल्या पोराला ते घाईत वाचता यावं म्हणून त्याच्याकडून किती तालीम करून घ्यायची, हाही त्या यंत्रणेचाच भाग. तो खोक्यात येत नाही.

'कोलकाता क्षेपणास्त्राशिवाय दाखल केली'

अर्धं खरं. ऑगस्ट २०१४ मध्ये 'कोलकाता' दाखल झाली तेव्हा ब्रह्मोस होतं, पण बराक-८ तयार नव्हतं. तिच्यावरून त्याची पहिली चाचणी झाली डिसेंबर २०१५ मध्ये. मधल्या काळात हवाई हल्ल्याविरुद्ध ही नवी विनाशिका लंगडीच होती आणि त्याचं समर्थन करण्यात अर्थ नाही.

'जगात कुठे होत नाही' हे मात्र साफ खोटं. ब्रिटनची 'डेअरिंग' ही खास विमानविरोधी कामासाठी बांधलेली विनाशिका जुलै २००९ मध्ये दाखल झाली. त्या वर्गाच्या जहाजावरून, भगिनी-नौका 'डॉन्टलेस'वरून, पहिलं क्षेपणास्त्र सुटलं २०१० मध्ये. अमेरिकेची 'जेराल्ड फोर्ड' विमानवाहू २०१७ मध्ये दाखल झाली आणि बॉम्ब डेकवर आणणाऱ्या तिच्या लिफ्टपैकी शेवटची ताब्यात आली २०२१ च्या डिसेंबरात. पोलादाचं वेळापत्रक आणि सॉफ्टवेअरचं वेळापत्रक एकत्र चालत नाहीत, हे दुखणं सगळ्यांचं आहे.

मेसेजवाल्याने खरं तर दुसरी गोष्ट धरायला हवी होती. 'कोलकाता'चं जलावतरण मार्च २००६ मध्ये झालं आणि ती दाखल झाली आठ वर्षांनी. सांगाडा पाण्यात उभा आणि आत काय बसवायचं ते अजून बदलतंय, अशी तेव्हाची अवस्था. त्यानंतर 'सुरत' बघा. जलावतरण मे २०२२, नौदलाच्या ताब्यात ३१ महिन्यांत. गोदी तीच. फरक असा की यावेळी रडार, क्षेपणास्त्र आणि त्यांना जोडणारी यंत्रणा आधीच्या सहा विनाशिकांवर घासून-पुसून झालेली होती. नुसता पत्राच जोडायचा असता तर 'कोलकाता'ला आठ वर्षं का लागली असती?

'मग यात स्वदेशी ते काय?'

रडार इस्रायलचं असलं तरी त्याच्याकडून आलेल्या माहितीचं पुढे काय करायचं, हे ठरवणारी सीएमएस वेसीने आखलेली आणि भारत इलेक्ट्रॉनिक्सने घडवलेली आहे. तिचा सोर्स कोड आपल्याकडे आहे. कोड परक्याच्या हातात असला की नवं अस्त्र जोडायला, बिघाड सुधारायला, साधी एखादी खिडकी पडद्यावर हलवायलाही परक्याच्या दारात जावं लागतं. त्याची किंमत आणि मुदत तो सांगेल ती. आणि कुठली अस्त्रं, किती पल्ल्यावर, कशी वापरणार हे त्याला आपोआप कळतं ते वेगळंच.

मे २०१९ मध्ये पश्चिम किनाऱ्यावर 'कोची' आणि 'चेन्नई' या दोन विनाशिकांनी केलेली चाचणी मला या सगळ्यात महत्त्वाची वाटते. दोन्ही जहाजांवरून क्षेपणास्त्रं सुटली आणि दोन्हींचं नियंत्रण एकाच जहाजाकडे होतं. लक्ष्यं वेगवेगळी. आयएआय सोबत होती, श्रेय एकट्याचं नाही. पण हे करायला दोन जहाजांची चित्रं क्षणाक्षणाला तंतोतंत जुळावी लागतात, आणि तेवढं आत शिरायला यंत्रणा आपली असावी लागते. एप्रिल २०२५ मध्ये 'सुरत'नेही पाण्यालगत उडणारं लक्ष्य याच सहकारी पद्धतीने टिपलं.

आता मेसेज ज्याचा उल्लेखही करत नाही ते: जहाज तीस-पस्तीस वर्षं चालवणं. पोलाद टिकतं. आतला संगणक दहा वर्षांत म्हातारा होतो, त्याचे सुटे भाग कारखान्यात बनायचे थांबतात. सोविएत संघ फुटला तेव्हा सुट्या भागांसाठी आपल्या नौदलाची काय दमछाक झाली ते त्या पिढीच्या अधिकाऱ्यांना विचारा. बांधकामाचा फोटो पेपरात येतो. रिफिट, म्हणजे जुन्या जहाजाची मोठी दुरुस्ती आणि नूतनीकरण, वर्षानुवर्षं चालते, तिचा येत नाही. जुन्या 'राजपूत'वर, जी १९८० मध्ये सोविएत संघातून आली, २००३ मध्ये ब्रह्मोस बसलं. ते क्षेपणास्त्र ती बांधताना कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

आणि 'दिल्ली'. माझगावात बांधलेली, नोव्हेंबर १९९७ मध्ये दाखल झालेली. तिच्यावर मुळात रशियन उरान क्षेपणास्त्रं होती. एप्रिल २०२२ मध्ये, म्हणजे पंचविशीला टेकल्यावर, तिने नव्या लाँचरमधून पहिलं ब्रह्मोस सोडलं. 'दिल्ली'च्या केबली ओढणाऱ्यांत मामा होता. मी त्याला फोनवर तो व्हिडिओ दाखवला. धूर, ज्वाळा, सगळं त्याने शांतपणे पाहिलं, मग परत मागे नेऊन पाहिलं. मला वाटलं, छाती फुगेल. तो चष्मा वर करून म्हणाला, "लाँचर नवीन दिसतोय. पण केबल जुन्याच ट्रेमधून नेली असेल का रे? आम्ही जागा सोडली होती तिथे."