तर्री वरून ओतायची नसते

सावजी रश्शाच्या रील्स धडाधड फिरतात आणि बहुतेकांत तेच दिसतं: पातेल्यावर लालभडक तेलाचा थर, त्यात डाव बुडतो, संपलं. ते पाहून आता खुद्द नागपुरातल्या घरांतही शिजलेल्या रश्शावर तिखट घातलेलं गरम तेल ओततात. रंग येतो, चव येत नाही. मोबाईलमुळे आपण डोळ्यांनी जेवायला लागलो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तर्री, म्हणजे रश्शावरचा तेलाचा लाल तवंग, मसाल्यातून सुटते. चार जणांच्या पाटोडी रश्शाला, म्हणजे बेसनाच्या वड्यांच्या रश्शाला, अर्धी वाटी सुकं खोबरं, दोन चमचे धणे, चमचाभर खसखस, अर्धा चमचा जिरे, चार लवंगा, सहा-सात मिरे, दालचिनीचा तुकडा आणि चिमूटभर दगडफूल पुरतं. हे सगळं एकदम कढईत भाजायला टाकलं की फसलंच. धण्यांना वेळ लागतो, खसखस बघता बघता जळते. खोबरं बदामी झालं की उतरवा. काळपट झालं तर रस्सा कडू होतो आणि मग काहीही घातलं तरी सुधारत नाही. दोन कांदे वेगळे, तेलावर तपकिरी करून घ्या. सगळं अगदी बारीक वाटा.

वाटण अर्धी वाटी तेलात, मंद आचेवर, दहा-बारा मिनिटं परता. आधी तडतडतं, मग आवाज बसतो, गोळा कढई सोडतो आणि कडेने तेल पाझरतं. व्हिडिओत नेमकी हीच मिनिटं कापलेली असतात! तिखट यानंतर, आच बारीक करून, पाठोपाठ चमचाभर पाणी, नाहीतर ते करपतं. रंगासाठी काश्मिरी मिरची चालेल, पण झणका हवा तर आपल्या नागपूर जिल्ह्यातली भिवापुरी. पाणी कढतच घाला आणि झाकून दहा मिनिटं मंद उकळू द्या. तर्री आपोआप वर येते.

मापांचाही घोळ आहेच. इंटरनेटवरचा कप 240 मिलीचा असतो, घरातली वाटी बहुधा त्याहून बरीच लहान. बेसन वाटीने आणि पाणी कपाने घेतलं की पाटोडी थापताच येत नाही.

इंटरनेटमुळे घराघरातलं पिढीजात स्वयंपाकाचं ज्ञान सगळ्यांपर्यंत पोचलं, हे मोठंच काम. म्हणून रेसिपी टाकणाऱ्यांना विनंती: आच, मिनिटं आणि मसाल्याचा बदलता रंग लिहा, दाखवा. आणि हेही सांगा, की पाटोड्या वाढतानाच रश्शात सोडायच्या. आधी सोडल्या तर रस्सा पिऊन फुगतात आणि ताटात नुसता गोळा येतो.