एकोणीस माणसं, भरलेली टाकी आणि ५१,००० फूट

‘मोठं प्रायव्हेट जेट चार्टरवर घेणं ही आता फक्त अब्जाधीशांची चैन राहिलेली नाही,’ असं सांगणारा एक फॉरवर्ड सध्या फिरतोय. वर गल्फस्ट्रीम जी-६५० चा चकचकीत फोटो आणि खाली दावे: १९ जण बसतात, जगात कुठूनही कुठेही न थांबता जाता येतं, वेग विमान कंपन्यांच्या दुप्पट, ५१,००० फुटांवरून उडत असल्याने वादळांचा त्रास नाही, वाटेल तेव्हा निघा, पासपोर्ट-कस्टम्सची कटकट नाही, आणि खर्च १९ जणांत वाटून घेतला तर फर्स्ट क्लासपेक्षा स्वस्त.

गंमत अशी की यातले १९ आणि ५१,००० हे आकडे कुणी मनाने घुसडलेले नाहीत, कंपनीच्याच माहितीपत्रकातले आहेत. पण ते एकाच विमानाच्या वेगवेगळ्या वजनाचे आहेत, आणि फॉरवर्ड करणाऱ्याने ते एकाच उड्डाणात कोंबलेत.

सुरुवात १९ जणांपासूनच करू. जी-६५० चा पल्ला ७,००० सागरी मैल, म्हणजे साधारण १३,००० किलोमीटर. या आकड्याला बारीक अक्षरातली एक तळटीप असते: ८ प्रवासी, ४ कर्मचारी, वेग मॅक ०.८५ (म्हणजे आवाजाच्या वेगाच्या ८५ टक्के). आठच का, याचं उत्तर शाळकरी बेरजेत मिळतं. चार कर्मचाऱ्यांसकट तयार, पण इंधन आणि प्रवासी नसलेलं विमान ५४,००० पौंडांचं. टाकी काठोकाठ भरली की त्यात ४४,२०० पौंड इंधन. जागेवरून हलताना विमानाचं वजन १,००,००० पौंडांच्या वर चालत नाही. राहिले किती? १,८०० पौंड, म्हणजे ८१६ किलो. माणूस आणि त्याच्या बॅगा मिळून शंभर किलो धरा, नवव्या माणसाला दार बंद. आणखी ११ जण चढवायचे तर तितक्या वजनाचं, म्हणजे ११०० किलो इंधन कमी भरायचं. वीस टनांत अकराशे किलो किरकोळ वाटतात, पण लांबच्या प्रवासात शेवटच्या तासाला लागणारं इंधन तेच. समोरून वारा लागला की वाटेत कुठेतरी तेल भरायला उतरणं आलंच. (आणि १९ हा आकडा ऐसपैसपणाचा नाहीच, नियमाचा आहे. त्याच्यापुढे गेलात की अमेरिकेत आणि युरोपात केबिन क्रू सक्तीचा होतो.)

‘कुठूनही कुठेही’ तर आठ जणांतही जमत नाही. पृथ्वीचा अर्धा घेर २०,००० किलोमीटर. सिंगापूर ते न्यूयॉर्क हे अंतर १५,३०० किलोमीटरच्या आसपास. जी-६५० तिथे पोचण्याच्या दोन हजार किलोमीटर आधीच कोरडं पडेल. तीच वाट ऑक्टोबर २०१८ पासून एक विमान कंपनी एअरबस ए-३५० ने न थांबता कापते, एकेकट्याला तिकीट विकून.

दुप्पट वेगाचं थोडक्यात उरकतो. लांब पल्ल्याची प्रवासी विमानं, म्हणजे बोइंग ७८७ किंवा ए-३५०, मॅक ०.८५ नेच उडतात. जी-६५० ची कमाल मर्यादा मॅक ०.९२५ आहे, पण मॅक ०.९० नेच गेलात तरी पल्ला ७,००० वरून ६,००० सागरी मैलांवर येतो. ५,००० सागरी मैलांच्या प्रवासात त्या घाईतून वाचतो जेमतेम अर्धा तास. दुप्पट वेग काँकॉर्ड या प्रवासी विमानाचा होता, ते २००३ मध्ये थांबलं. जेटने वेळ वाचतो हे खरंच आहे, पण तो जमिनीवर: वेगळं टर्मिनल, गावाजवळचा लहान विमानतळ, मधली कनेक्टिंग फ्लाइट नाही.

५१,००० फुटांचंही वजनाशीच नातं आहे. भरल्या टाकीचं जी-६५० आधी ४१,००० फुटांवर स्थिरावतं. मग जसजसं इंधन जळतं तसतसं टप्प्याटप्प्याने वर चढतं. म्हणजे पहिले काही तास ते जवळपास प्रवासी विमानांच्याच हवेत असतं. आणि विषुववृत्ताजवळचे गडगडाटी ढग कधीकधी ५०,००० फुटांच्याही वर जातात. त्यांना वळसाच घालावा लागतो, विमान कुणाचंही असो.

‘वाटेल तेव्हा निघा’ हे वैमानिकांना वाचून दाखवा. त्यांच्या ड्यूटीचं घड्याळ रिपोर्टिंगला सुरू होतं, टेकऑफला नाही. पाहुणे जेवण आटपून तीन तास उशिरा आले तर ते तीन तास ड्यूटीतूनच वजा. तेरा तासांचं उड्डाण असेल तर दोन वैमानिकांत भागत नाही, तिसरा लागतो, आणि त्याला झोपायला जागाही लागते. कागदपत्रांचं म्हणाल तर रांग लहान असते, पासपोर्ट आणि कस्टम्स तेच. उलट वाटेतल्या देशांच्या परवानग्या, उतरण्याचा स्लॉट (ठरवून दिलेली वेळ), पार्किंग हे ऑपरेटरला उड्डाणागणिक जुळवावं लागतं. आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीबद्दलच्या १९४४ च्या शिकागो कराराच्या सातव्या कलमानुसार कोणताही देश परदेशी विमानाला आपल्याच दोन शहरांमध्ये भाडं घेऊन प्रवासी नेण्यास मनाई करू शकतो. तेव्हा ‘तिथे उतरू आणि त्याच विमानाने चार शहरं फिरू’ हा बेत विमान कुठे नोंदलेलं आहे यावर अडतो.

आता १९ ने भागण्याचं. चार्टरचं विमान तुमच्या दारात उभं नसतं. ते असेल तिथून रिकामं येतं, तुम्हाला सोडून बऱ्याचदा रिकामंच परततं, आणि ते तासही तुमच्याच बिलात लागतात. वर क्रूचं हॉटेल, लँडिंग, हँडलिंग, पार्किंग. फॉरवर्डवाला भागतो फक्त तुमच्या उड्डाणाच्या तासांना. शिवाय तुलना फर्स्ट क्लासशी, जिथे प्रत्येकाला आपापला पलंग असतो. इथे समोरासमोरच्या दोन खुर्च्या सरकवून एक बिछाना होतो. म्हणजे जेमतेम निम्मे जण आडवे होतील, बाकीचे रात्रभर एकमेकांकडे बघत बसणार.

‘खर्च वाटून’ या शब्दांत आणखी एक खोच आहे. अनोळखी लोकांकडून डोईमागे पैसे गोळा करणाऱ्याकडे एअर ऑपरेटरचं प्रमाणपत्र आहे का, हे आधी विचारा. फुटबॉलपटू एमिलियानो साला जानेवारी २०१९ मध्ये इंग्लिश खाडीवर ज्या अपघातात गेला, त्या विमानाला पैसे घेऊन प्रवासी नेण्याची परवानगी नव्हती. ते एका इंजिनाचं छोटं विमान होतं, जेट नव्हे. पण पैसे आधी आणि परवान्याची चौकशी नंतर, हा प्रकार तोच.

या विमानाची खरोखर दाद द्यावी अशी गोष्ट मात्र फॉरवर्डमध्ये कुठेच नाही. प्रवासी विमानात केबिनमधली हवा ८,००० फुटांच्या डोंगरावर असते तितकी विरळ होऊ शकते, ७८७ मध्ये ६,००० फुटांइतकी. जी-६५० बाहेर ५१,००० फुटांवर असताना आत ४,८५० फुटांची हवा ठेवतं. बारा-तेरा तासांनी उतरल्यावर डोकं जड आहे की नाही, हे बऱ्याच अंशी त्यावर ठरतं.