‘त्याच्या जागी उभे राहा’ या मेसेजबद्दल खुलासा

जमिनीवर लिहिलेला आकडा एकाला ६ दिसतो, दुसऱ्याला ९. या चित्राखाली फिरणारा मजकूर सांगतो, की स्वतःला समोरच्याच्या जागी कल्पा, त्याच्या मनातलं अचूक कळेल. म्हणे मानसशास्त्राने हे सिद्ध केलंय. मागच्या आठवड्यात मीही तो पुढे पाठवला होता. न तपासता. चूक माझीच.

सिद्ध झालंय ते जवळजवळ उलटं. ताल एयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये २५ प्रयोगांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चेहऱ्यावरून भावना ओळखणं, खरं आणि खोटं हसू वेगळं काढणं, जोडीदाराची आवडनिवड सांगणं अशी कामं लोकांना दिली. समोरच्याच्या जागी स्वतःला कल्पून अंदाज अधिक बरोबर आले नाहीत; काही वेळा आत्मविश्वास मात्र वाढला. (हे वाचून मला घरातले दोन-तीन वाद आठवले.) फरक पडला तो थेट विचारल्यावर. ज्यांनी जोडीदाराशी आधी बोलून घेतलं, त्यांचे अंदाज जास्त जुळले.

कारण उघड आहे: कल्पनेत आपण जागा बदलतो, पण डोक्यातली माहिती आपलीच राहते. त्या चित्रात पलीकडे गेलात तर ९ दिसेल, तो लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं ते नाही.

दृष्टिकोन बदलणं निरुपयोगी आहे, असं मात्र हा अभ्यास म्हणत नाही. आपलंच खरं हा हट्ट त्याने सैल होऊ शकतो. ‘अचूक कळतं’ हा दावा तेवढा चुकीचा.

माझ्याकडून आलेला मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर हा खुलासाही त्याच ग्रुपवर टाका.