काळसेन नवव्या सेशनलाच मेला

दीड वर्षापूर्वी एका रविवारी संध्याकाळी माझ्या डन्जन्स अँड ड्रॅगन्स कॅम्पेनचा, म्हणजे सेशनमागून सेशन चालणाऱ्या गोष्टीचा, मुख्य खलनायक मेला. तो मरायचा होता दोनेक वर्षांनी, बाराव्या लेव्हलच्या आसपास, स्वतःच्या किल्ल्यात. मेला नवव्या सेशनला, पाचव्या लेव्हलच्या चार पात्रांच्या हातून, बंदराच्या धक्क्यावर. गेल्या महिन्याभरात दोन नव्या डीएमनी, म्हणजे खेळ चालवणाऱ्यांनी, मला हाच प्रश्न विचारला, की आमचा व्हिलन लवकर गेला, आता करायचं काय? दोघांनाही फोनवर घाईत काहीतरी सांगितलं आणि ते मनाला लागून राहिलं. म्हणून आज नीट लिहितेय.

जे हा खेळ खेळत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणलेला खेळ. टेबलाभोवती चार-पाच माणसं बसतात, प्रत्येकाचं एक पात्र असतं आणि उरलेलं सगळं जग डीएम चालवतो. कोण काय करणार हे माणसं ठरवतात, ते जमतं की नाही हे फासे ठरवतात. हा खेळ युद्धखेळांतून जन्मला, आणि लढाई कोण जिंकणार हे आधी माहीत नसणं हा त्याचा प्राण आहे.

तर काळसेन. खाडीच्या तोंडावर जकात बसवून बसलेला जादूगार सुभेदार. त्याच्यावर मी वहीची चौदा पानं लिहिली होती: बालपण, किल्ल्याचा नकाशा, त्याला लहानाचं मोठं करणारी थोरली बहीण. त्या दिवशी तो धक्क्यावर आला होता फक्त बोलायला. धमकी द्यायची, सौदा पुढे ठेवायचा आणि निघून जायचं, एवढंच त्या प्रसंगाचं काम होतं.

बोलणं फिसकटलं. इनिशिएटिव्हमध्ये, म्हणजे पाळ्यांच्या क्रमात, काळसेन चौथा आला. पहिली पाळी आमच्या क्लेरिकची, म्हणजे देवाच्या बळावर मंत्र टाकणाऱ्या पात्राची. तिला चालवणारी मुलगी आमच्यातली सगळ्यात शांत. आठ सेशनमध्ये मी तिच्या तोंडून 'मी हील करते' याच्या पलीकडे फारसं काही ऐकलं नव्हतं. तिने पर्समधून एक लोखंडी खिळा काढला आणि टेबलावर ठेवला. "होल्ड पर्सन. याला लोखंडाचा सरळ तुकडा लागतो ना, म्हणून आणलाय." खिळा चार सेशन पर्समध्ये होता, हे तिने नंतर सांगितलं.

होल्ड पर्सन म्हणजे माणसाला जागीच जखडणारा मंत्र, आणि त्यातून वाचायला टाकायचा फासा म्हणजे सेव्ह. काळसेनला सेव्हसाठी एकूण १५ हवे होते, त्याचे स्वतःचे ४. म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर ११ किंवा जास्त. निम्मी निम्मी शक्यता. पडद्यामागे मी फासा टाकला आणि ४ पडले.

मोठ्या खलनायकांना लेजंडरी रेझिस्टन्स देता येतो: दिवसातून तीनदा, फसलेली सेव्ह यशस्वी ठरवून घेण्याची मुभा. माझ्या वहीत ती होती, पण शेवटच्या लढाईच्या पानावर. धक्क्यावरच्या काळसेनच्या पानावर नव्हती. फासा फक्त मला दिसत होता. "वाचला" म्हणायला अर्धा सेकंद लागला असता आणि कुणालाही कधीही कळलं नसतं.

मी तसं का केलं नाही, ते सांगते. पूर्वी एका दुसऱ्या कॅम्पेनमध्ये मी ते केलं होतं. ड्रॅगन तिसऱ्याच राउंडला पडत होता, म्हणून मनातल्या मनात त्याला चाळीस हिट पॉइंट (किती मार सोसून जिवंत राहील त्याचा आकडा) वाढवून दिले. एक मित्र कागदावर बेरीज करत बसला होता, त्याच्या लक्षात आलं. तो भांडला नाही. घरी जाताना जिन्यात एवढंच म्हणाला, "म्हणजे आम्ही काहीही केलं असतं तरी तो तेव्हाच मेला असता ना?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढची कितीतरी सेशन तो यायचा, फासे टाकायचा, पण बेरीज करायचा थांबला होता. ते बघणं मला फार जड गेलं.

म्हणून मी म्हटलं, "फसला. जागच्या जागी थिजला."

जखडलेल्या माणसावर पाच फुटांच्या आतून वार केला की तो लागला की क्रिटिकलच, फासे दुप्पट. पॅलाडिनचे, म्हणजे आमच्या धर्मयोद्ध्याचे, दोन वार, दोन्हींवर दुसऱ्या लेव्हलचा स्माइट, म्हणजे वारात ओतलेली दैवी शक्ती. एका वाराला आठ बाजूंचे आठ फासे लागत होते, आणि माझ्यासह पाच जणांच्या पाच सेटमध्ये मिळून ते पाचच. आधी पाच टाकले, मग तीन. पहिला वार ३८, दुसरा ४३. मग रोगने, म्हणजे लपूनछपून वार करणाऱ्या पात्राने, मागून कट्यार घातली, ३१. एकूण ११२. काळसेनचे हिट पॉइंट होते ११०.

त्याची पाळी आलीच नाही.

पहिली गोष्ट मी ही केली की पंधरा मिनिटांचा चहा जाहीर केला. नव्या डीएमना माझं हेच पहिलं सांगणं आहे. त्या क्षणी काही सुचत नसतं आणि सुचतं ते बहुतेक वाईट असतं. मला सुचलेली पहिली कल्पना होती, 'मेला तो तोतया होता.' दुसरी, 'त्याला कुणीतरी पुन्हा जिवंत करतं.' दोन्हींचा अर्थ एकच: तुम्ही जिंकलात ते मी मानत नाही.

इथे एक फरक करायला हवा. खेळाच्या पुस्तकातला लिच, म्हणजे मरणाला चकवलेला जादूगार, मेला तरी त्याचं फायलॅक्टरी, म्हणजे जीव ठेवलेली वस्तू, शाबूत असेल तर काही दिवसांत नवं शरीर घेऊन परततो. स्ट्राड या खेळातल्या प्रसिद्ध खलनायकासारखा व्हॅम्पायर शून्य हिट पॉइंटवर आला की धुकं होऊन शवपेटीकडे पळतो. त्यात फसवणूक नाही, कारण ते फासे पडण्याआधीच लिहिलेलं असतं आणि खेळाडूंना शोधून काढता येतं. फासे पडल्यानंतर लिहिलेली सुटका मात्र मला मान्य नाही.

चहा गाळताना मला कंस आठवला. लहानपणी आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा कंस मेला की मला झोप यायची, कारण माझ्या मते गोष्ट संपलेली असायची. उग्रसेन पुन्हा गादीवर बसला, आणखी काय हवं? पण कंसाच्या दोन बायका, अस्ति आणि प्राप्ति, विधवा होऊन मगधात बापाकडे गेल्या. बाप म्हणजे जरासंध. त्याने मथुरेवर सतरा वेळा स्वारी केली, आणि अखेर अख्खी वस्ती उचलून द्वारकेला न्यावी लागली. मथुरेतल्या कुणीही 'कंस खरा मेलाच नव्हता' असं म्हटलं नाही. तो मेला म्हणूनच पुढचं सगळं घडलं.

तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक मोठ्या पात्राच्या पानाच्या तळाशी एक ओळ असते: याचा जरासंध कोण? त्याच्यासाठी कोण रडेल, त्याच्याकडून कुणाचं येणं राहिलं, त्याच्या भीतीने कोण गप्प बसलं होतं? या ओळीचं उत्तर लिहिलेलं असेल तर खलनायक पहिल्या सेशनला मेला तरी बिघडत नाही.

काळसेनच्या बाबतीत उत्तर चौदा पानांत आधीच होतं. थोरली बहीण. ती दुष्ट नाही. तिच्या दृष्टीने तिचा भाऊ बोलणी करायला गेला आणि त्याला मारला. खरं सांगायचं तर तसंच घडलंही होतं. किल्ल्याचा नकाशा वाया गेला नाही, आता तिथे ती राहते. पात्रं तिथे पोचली तेव्हा तलवार काढायची की माफी मागायची यावर आमचं अख्खं सेशन गेलं, आणि ते माझ्या आठवणीतलं सगळ्यात चांगलं सेशन आहे.

पण हे लगेच आणलं नाही, आणि हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. दहावं सेशन पूर्णपणे विजयाचं होतं. जकात बंद झाली, कोळणींनी क्लेरिकची ओटी भरली, एका होडीला तिचं नाव दिलं. पुढच्याच तासाला सूड घेणारी फौज आणली असती तर खेळाडूंनी एकच धडा घेतला असता, की जिंकलं की शिक्षा होते. ज्या विजयाला तोंडभर साखर मिळत नाही, तो विजय पुढच्या वेळी कुणी मनापासून मागत नाही.

तोतयाची कल्पनाही शेवटी कामाला आली, फक्त उलटी. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या नावाने उभा राहिलेला तोतया आठवा. भाऊ गेले १७६१ साली, आणि १७७६ साली हा माणूस कैदेतून सुटून कोकणातले किल्ले घेत सुटला होता. माणूस गेला तरी त्याचं नाव चालवणारा कुणीतरी निघतो. आमच्या खाडीतही निघाला. काळसेन मेल्यावर वर्षाने दक्षिणेकडच्या गावांत 'मीच काळसेन' म्हणणारा एकजण आला आणि जकात पुन्हा सुरू झाली. खेळाडूंना पक्कं माहीत आहे की काळसेन मेलाय, त्यांनीच मारलाय. पण गावकरी विचारतात, तुम्ही म्हणता म्हणून कशावरून? विजय पुसला गेलेला नाही, उलट तो विजय आता त्यांना सिद्ध करायचा आहे. साक्षीदार शोधणं, धक्क्यावरच्या त्या दिवशी कोण कुठे उभं होतं ते जुळवणं, यात तीन सेशन गेली आहेत आणि सगळे त्यात बुडालेत.

आणखी एक बदल सांगायचा राहिला. मोठ्या प्रसंगांचे फासे आता मी पडद्यामागे टाकत नाही, टेबलाच्या मधोमध टाकते. मोह होण्याची सोयच ठेवलेली नाही. त्याने तयारी वाढते हे खरं आहे. लेजंडरी रेझिस्टन्स द्यायचा की नाही, चार जणांच्या चार पाळ्यांसमोर एकटा माणूस उभा राहील तर सोबत पहारेकरी किती, हे आधी बसून ठरवावं लागतं. ठरवायला विसरले, तर तो माझा विसर. त्याची किंमत खेळाडूंनी का भरावी?

ती शांत मुलगी आता शांत नाही. तोतयासमोर उभं राहून बोलायचं काम चौघांनी तिच्यावर सोपवलंय. येत्या रविवारी तो गलबत घेऊन त्याच धक्क्यावर येणार आहे. काल रात्री तिचा मेसेज आला, पहारेकऱ्यांची नावं विचारायला. सहा जण आहेत. तिला सहाही जणांची नावं हवी होती, मी पाठवली.