डेटा[१] मधला १ पुसण्याआधी मॅलॉक बघा

"भावांनो, स्ट्रक्चरच्या शेवटी [०] किंवा [१] दिसलं की सरळ [] करा. कोड मॉडर्न, मेमरीची बचत, बाउंड्स कंपायलर बघतो. लिनक्सनंपण हेच केलंय." कोल्हापुरातल्या एम्बेडेडवाल्यांच्या, म्हणजे मशिनमधल्या चिपसाठी सी भाषेत कोड लिहिणाऱ्यांच्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतोय. स्ट्रक्चर म्हणजे एकत्र बांधलेल्या माहितीचा गठ्ठा, कंसातला आकडा म्हणजे त्याच्या शेवटच्या यादीत किती घटक, आणि [] म्हणजे आकडाच न सांगितलेली यादी. माझा भाचा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत फर्मवेअर (मशिनच्या आत चालणारा प्रोग्रॅम) लिहितो. त्यानं 'रिप्लेस ऑल' मारलं आणि वर मला फोन, "मामा, एकपण वॉर्निंग नाही!" नसणारच. गोम तिथंच आहे.

समजा स्ट्रक्चरमध्ये ३२ बिटांची लांबी आणि तिच्यामागं ३२ बिटांचा डेटा[१] आहे. साइझऑफ, म्हणजे कंपायलरनं मोजलेला स्ट्रक्चरचा आकार, ८ बाइट. एक घटक आतच आहे हे धरून जुन्या माणसानं मॅलॉक (मेमरी मागणारी ओळ) लिहिलाय: साइझऑफ अधिक (एन − १) गुणिले ४, एन म्हणजे घटकांची संख्या. दहा घटकांना ८ + ३६ = ४४. बरोबर. आता [] केलंत की साइझऑफ ४ वर येतो आणि तीच ओळ ४० बाइट मागते. दहावा घटक गेला दुसऱ्याच्या मेमरीत! टेबलावर कदाचित चालेलही, पण गिऱ्हाइकाच्या शेडमध्ये मशिन कधी लटकेल सांगता येत नाही. याला हे मेसेजवाले महाशय 'बचत' म्हणतात. मेमकॉपी (मेमरीतला डेटा दुसरीकडे उतरवणं), सिरियल वायरवरून जाणाऱ्या पॅकेटची लांबी, जिथं जिथं साइझऑफ वापरलाय तिथं हेच.

लिनक्सचं म्हणाल तर केलंय, खरं आहे. पण कर्नलच्याच (लिनक्सच्या गाभ्याच्या) डॉक्युमेंटेशनमध्ये कालबाह्य गोष्टींचं पान आहे, ते उघडा. [१] च्या उदाहरणात 'काउंट − १' (आपलं एन − १) लक्षात ठेवावं लागतं हे तिथं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे ज्यांचं नाव घेताय, त्यांनीच हा हिशेब मांडून ठेवलाय.

[०] बाबत मेसेज बरोबर आहे, मानावं लागेल. मांडणी बदलत नाही, शिवाय नुसत्या यादीवर साइझऑफ लावला तर [०] वर तो गुपचूप ० देतो, [] वर कंपायलर एरर देतो. १९९९ च्या स्टँडर्डपासून [] अधिकृत आहे.

बाउंड्स, म्हणजे यादीची हद्द ओलांडली का ते? [] ला लांबीच नसते, कंपायलर बघणार काय? त्यासाठी 'काउंटेड-बाय' (लांबी कुठल्या घटकात आहे ते कंपायलरला सांगणारी खूण) लावावं लागतं. ते क्लँग १८ आणि जीसीसी १५ या कंपायलरांपासून, आणि तपासणीचा पर्याय चालू केला तरच. तुमच्या बोर्डाचा कंपायलर कुठल्या सालचा आहे ते आधी बघा.

भाच्याला बदल मागं घ्यायला लावलाय. आधी प्रत्येक मॅलॉकमध्ये ऑफसेटऑफ डेटा (स्ट्रक्चरच्या सुरुवातीपासून डेटापर्यंतचं अंतर, इथं ४) अधिक एन गुणिले घटकाचा आकार असं लिही म्हटलं. हे [१] आणि [] दोन्हींना ४४ च देतं. मग एकेका स्ट्रक्चरचा कंस बदल.