दही म्हणे बिस्किटातली साखर खाऊन टाकतं!

दह्याच्या डब्यात बिस्किटं उभी खोचा, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी 'जपानी चीजकेक' तयार. ना ओव्हन, ना अंडं. इथवर माझं काही म्हणणं नव्हतं. पण घरच्या ग्रुपवर फिरतोय त्या मेसेजला पुढे शेपूट आहे: 'रात्रभरात दह्यातले जिवाणू बिस्किटातली साखर आणि मैदा पचवून टाकतात. उरतं ते शुद्ध प्रोटीन. मधुमेह्यांनी जेवणाऐवजी पोटभर खावं.' आमच्या आत्याला कित्येक वर्षांची शुगर. तिने रात्रीची भाकरी सोडून वाडगाभर हेच खाल्लं आणि वर मलाच फोन, "अगं, यात साखर उरतच नाही!" आता गप्प बसणं शक्य नाही.

तर आधी ते शेपूट. ज्याने हे लिहिलं त्याने आयुष्यात श्रीखंड खाल्लेलं नसावं. चक्का म्हणजे पाणी काढलेलं दहीच, जिवाणूही तेच. त्यात साखर फेटून डबा फ्रिजमध्ये ठेवतो. पाडव्याचं श्रीखंड चार दिवसांनी कुणाला अगोड लागलंय का? आंबट होईल एक वेळ, पण साखर गेली कुठे? दह्याचे जिवाणू ४०-४५ अंशांना जोमात असतात, फ्रिजच्या ४ अंशांना जवळपास थंडावतात. काम करतात तेव्हाही त्यांचा मुख्य खुराक दुधातली साखर, लॅक्टोज. मैद्यातल्या स्टार्चला ते तोंडही लावत नाहीत. बिस्किट सकाळी मऊ लागतं कारण ते दह्यातलं पाणी पितं, बस. दहीही त्यामुळेच घट्ट होतं.

आता हिशेब. या पदार्थाच्या व्हिडिओंत बहुतेक ठिकाणी लोटस बिस्कॉफ ही बिस्किटं दिसतात. १०० ग्रॅममध्ये साखर सुमारे ३८ ग्रॅम आणि सगळी कर्बोदकं मिळून ७२-७३. एक बिस्किट साधारण पावणेआठ ग्रॅमचं. आठ खोचली की साखर २३-२४ ग्रॅम, म्हणजे सहाएक चहाचे चमचे, आणि कर्बोदकं ४५ ग्रॅम. दह्यातलं लॅक्टोज वेगळंच. आत्याने साधी ग्लुकोजची बिस्किटं घातली होती. त्यात साखर जरा कमी, पण पीठ आहेच, आणि शुगर मोजणाऱ्या मशीनला दोघांचंही कौतुक नाही. मधुमेह असलेल्याने हे चाखूच नये असं मी म्हणत नाही. पण शून्य साखर समजून वाडगा संपवणं, जेवण टाळणं, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचं नाही. फॉरवर्डवाला काही तपासणीला सोबत येणार नाही.

'हाय प्रोटीन' यात मात्र अर्धं खरं आहे, मान्य करावंच लागतं. पण ते श्रेय दह्याचं, तेही कोणतं दही यावर. घरच्या साध्या दह्यात १०० ग्रॅमला तीन-साडेतीन ग्रॅम प्रोटीन. ग्रीक योगर्टमध्ये, म्हणजे पाणी गाळून घट्ट केलेल्या दह्यात, नऊ-दहा. आणि महागडा डबा आणायचीही गरज नाही. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या नियमांत चक्क्याचं मानक दिलंय: किमान ३० टक्के घनपदार्थ आणि त्यातले किमान ३० टक्के दुधाचं प्रोटीन. गुणाकार करा, १०० ग्रॅमला ९ ग्रॅम झालं. त्याच नियमांत श्रीखंडाला घनपदार्थांच्या ७२.५ टक्क्यांपर्यंत साखर चालते, हेही वाचा. चक्का तोच असला तरी गोडाने सगळं गणित फिरतं, मग ते गोड साखरेतून येवो की बिस्किटातून.

'जपानी' म्हणाल तर, दह्यात बिस्किटं खोचण्याची टूम तिथे खरंच आहे. तिथल्या व्हिडिओंत निस्सिनची कोकोनट साब्ले बिस्किटं दिसतात. न भाजता जिलेटिनवर (पदार्थ घट्ट करणारा, प्राण्यांपासून मिळणारा घटक) सेट केलेला 'रेअर चीजकेक'ही तिथे आवडीने खातात. पण ज्या थुलथुलत्या केकचा फोटो मेसेजला चिकटवलाय, तो ओसाकाच्या रिकुरो ओजिसानसारख्या दुकानातला प्रकार. त्यात अंड्याचा पांढरा फेटून घालतात आणि केक ओव्हनमध्ये भाजतात. फोटो एकाचा, कृती दुसऱ्याची.

'जिलेटिन नाही म्हणून उपासालाही चालतं' असंही खाली लिहिलंय. मैद्याची बिस्किटं. उपासाला. पुढे जाऊ.

करायचंच असेल तर चक्का घ्या, दही नको. आपलं कवडीचं दही बिस्किट खोचताच फुटतं, कडेने पाणी सुटतं आणि सकाळी मधोमध ओला लगदा मिळतो. वाटीभर चक्क्यात चिमूटभर मीठ, लिंबाची किसलेली साल, फार तर दोन मारी बिस्किटं. चव खरंच चीजकेकच्या जवळ जाते, नाही म्हणणार नाही. आणि ती दोन मारी त्या दिवशीच्या हिशेबात धरायची.