‘आर’ म्हणजे तुझी प्रतिकारशक्ती नव्हे गं बाई!

सिडकोतली माझी भाची सातव्या महिन्यात आहे. लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, ई. कोलाय हा जंतू निघाला म्हणून तिला सात दिवसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या होत्या. तिसऱ्या दिवशी तिने त्या बंद केल्या. का, तर सासूबाईंनी ‘सर्व गर्भवती भगिनींसाठी’ असा, अँटिबायोटिक नको सांगणारा एक मेसेज पाठवला. संध्याकाळपर्यंत तोच मेसेज मला सोसायटीच्या ग्रुपवर आला, नाशिकरोडच्या नणंदेनेही धाडला. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रोज कल्चरच्या प्लेटा लावते, त्यामुळे आता गप्प बसवत नाही.

मेसेजमधलं सगळ्यात धन्य वाक्य हे: ‘रिपोर्टमध्ये आर जास्त असतील तर आनंद माना. आर म्हणजे रेझिस्टन्स, म्हणजेच तुमची प्रतिकारशक्ती उत्तम!’ अहो, प्रतिकार कुणाचा? तो रिपोर्ट जंतूचा आहे, बाईचा नाही. आम्ही प्लेटवर जंतू पसरतो, वर औषधाच्या छोट्या कागदी चकत्या ठेवतो आणि रात्रभर उबेत ठेवून देतो. सकाळी ज्या चकतीभोवती पुरेसं मोठं स्वच्छ कडं पडलेलं असतं, ते औषध लागू पडतं, तिथे ‘एस’, म्हणजे सेन्सिटिव्ह. जिथे जंतू थेट चकतीला भिडून माजलेत, तिथे ‘आर’. म्हणजे जितके आर जास्त, तितक्या डॉक्टरांच्या हातातल्या गोळ्या कमी. यात आनंद कसला मानायचा?

भाचीच्या रिपोर्टात सेफिक्झिम या अँटिबायोटिकपुढे आर होता. आणि हीच गोळी तिने पाचव्या महिन्यात घसा दुखतो म्हणून चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून आणली होती. मार्च २०१४ पासून ती सरकारच्या एच-१ या औषधयादीत आहे, चिठ्ठीशिवाय द्यायची नाही, दुकानदाराने वेगळ्या वहीत नोंद ठेवायची. वही कोण बघतंय!

‘जळजळ नाही तर औषध कशाला?’ एरवी मी हे मान्य केलं असतं. आतड्यात असे चिवट जंतू नुसते वस्तीला असतील तर त्यासाठी अँटिबायोटिक देतही नाहीत. पण गरोदरपणात लघवीत निघाले तर गोष्ट वेगळी. हार्मोन्समुळे मूत्रनलिका सैलावतात, वाढतं गर्भाशय त्यांना दाबतं, लघवी तुंबते आणि जंतू वर मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्येच सांगितलंय की त्रास नसला तरी अशा प्रत्येक गर्भवतीला सात दिवस औषध द्या. सात म्हणजे सात, तीन नाही.

‘नाळ गाळणीसारखी असते, बाळापर्यंत काही पोचत नाही.’ पोटात असताना वार, म्हणजे प्लासेंटा, बरंच अडवते, खरंय. पण बाळ बाहेर येतं ते कुठल्या वाटेने? दिल्लीच्या तीन मोठ्या सरकारी रुग्णालयांत नवजात कक्षात दाखल झालेल्या १३,५३० बाळांचा अभ्यास २०१६ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आला. त्यात रक्तातल्या जंतुसंसर्गाच्या दोन तृतीयांश घटना जन्मानंतर ७२ तासांच्या आतल्या होत्या. सापडलेल्या क्लेबसिएला या जंतूंपैकी निम्म्याहून अधिक अनेक औषधांना दाद न देणारे. ते सगळे आईकडूनच आले असं मी म्हणत नाही, बाळंतपणाची खोली आणि हातही त्यात आले. पण ‘काही पोचत नाही’ हे लिहिणाऱ्याने नवजात कक्षाच्या काचेबाहेर एक रात्र काढावी.

‘अँटिबायोटिकने बाळ अपंग होतं.’ काही औषधं या काळात टाळतात, टेट्रासायक्लिन त्यातलंच. म्हणून तर डॉक्टर निवडून देतात. पेनिसिलिन गटातली औषधं कित्येक वर्षं गरोदर बायकांना दिली जाताहेत.

औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंबद्दल मेसेज म्हणतो, ‘हे सगळं ब्रॉयलर कोंबडीमुळे, शाकाहारींना भीती नाही.’ अर्धं खरं, नाइलाजाने कबूल करते. कोंबड्यांना कोलिस्टिन हे अँटिबायोटिक द्यायला सरकारने २०१९ मध्ये बंदी घातली ती उगाच नाही. पण आमची भाची अंडंही खात नाही!

आणि मेसेजमधला उपाय, धने-जिऱ्याचं पाणी? प्यावं की, छान लागतं. गोळीसोबत.

डॉक्टरांशी बोलून भाचीने गोळ्या पुन्हा सुरू केल्यात. कोर्स संपला की पुन्हा कल्चर. तिला बजावलंय: आधी स्वच्छ धू, पहिली धार सोडून मधली घे, लॅबच्या निर्जंतुक डबीतच घे, मुरांब्याच्या बरणीत नको. आणि दोन तासांत पोचव. मागच्या वेळी ती डबी दुपारपर्यंत पर्समध्ये घेऊन फिरत होती, आम्हाला नमुना फेकून द्यावा लागला.